गाडीत बाहेरून केलेले बदल, इंजिन आणि वॉरंटी: अनुभव लिहा

निळाधूर
‘फक्त फिल्टरच तर बदललाय, वॉरंटीला काय होतंय?’ हे वाक्य परवा पुन्हा वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. या ‘फक्त’शी ज्यांची गाठ पडते त्यांनी लिहा.

माझ्याकडून तेल लावायचा कापडी फिल्टर. तेल जास्त झालं की हवेबरोबर उडून आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं. तार हवा कमी मोजते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी सोडतो, मग धुरातला ऑक्सिजन मोजणारा ओटू सेन्सर बोंब मारतो आणि ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) वाढत जातं. ओबीडी स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम +१० टक्क्यांच्या पुढे टिकून असेल तर आधी सेन्सर आणि हवेची गळती बघा. फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळवायचा, प्रत्येक घडीच्या माथ्यावर तेलाची एकच हलकी रेघ, २० मिनिटं मुरू द्यायचं, जादा टिपून घ्यायचं. सेन्सरला फक्त एमएएफ क्लीनर. कार्ब क्लीनर, ब्रश, बोट काहीही लावू नका.

तिसरागिअर
+१. आणि तो उघडा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखालची गरम हवाच ओढतो. गाडी पळत असताना इनटेक टेंपरेचर बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी जास्त दिसलं तर वाढला तो आवाज, ताकद नाही.

चकलीफॅन
आवाजासाठीच तर लावतात हो दादा :ड

नॉकनॉक
रीमॅपबद्दल (ताकद वाढवायला ईसीयूतली फाईल बदलणं) कुणी लिहिलं नाही अजून? लिहितो. थोडं लांबेल.

छोट्या टर्बो पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत खरा धोका वरच्या आरपीएमला नाही, खाली आहे. १५००-२००० ला टॉर्क कोंबला की एलएसपीआय, म्हणजे ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. एकाच झटक्यात पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) तुटू शकते, आणि असे ठोके ऐकणाऱ्या नॉक सेन्सरला कळेपर्यंत काम झालेलं असतं. ट्यूनरला सांगा, २००० च्या खाली टॉर्क आवरता ठेव. पाचव्या गिअरात खालून पूर्ण रेस द्यायची सवय सोडा. तेल किमान एपीआय एसपी प्रतीचं आणि बदलायची मुदत निम्मी. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप कंपनीने दिलाय त्यापेक्षा थोडा कमी, नाहीतर बूस्ट (टर्बोचा वाढीव दाब) ठिणगी विझवतो.

फाईल टाकल्यावर लॉग (गाडी चालवतानाची आकड्यांची नोंद) मागा: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, नॉक रिटार्ड (ठोक्यांमुळे ठिणगी किती मागे घेतली), लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), डिझेलला रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब). लॉग देत नाही तो ट्यूनर नको. क्लच तपासायचा तर वरच्या गिअरात, मधल्या आरपीएमवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर: काटा चढला आणि वेग नाही, तर तो घसरतोय.

सहजच
जुनी फाईल परत टाकून सर्व्हिसला नेली की कळत नाही म्हणतात?

नॉकनॉक
@सहजच, म्हणू देत. बऱ्याच ईसीयूंत किती वेळा फ्लॅश झालं (फाईल टाकली गेली) त्याचा आकडा राहतो. मूळ फाईलने सीव्हीएन (फाईल ओळखायचा पडताळणी आकडा) जुळेल, आकडा कसा कमी होणार? शिवाय सर्व्हिसमध्ये अपडेट मारला तर तुमची फाईल पुसली जाते, ते वेगळंच.

ओलेकपडे
पिगीबॅक बॉक्स काढून ठेवला तर? (कपडे वाळत घालता घालता विचारतेय)

नॉकनॉक
ताई, बॉक्स प्रेशर सेन्सरचा खोटा आकडा सांगून ईसीयूला फसवतो. पण हवा आणि इंधन खरंच जास्त गेलेलं असतं, आणि ते दुसऱ्या सेन्सरांना दिसतं. फॉल्टचा फ्रीझ फ्रेम (त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद) साठला असेल तर न जुळणारे आकडे त्यात सापडतात. क्लिप उघडल्याच्या खुणा राहतात त्या राहतातच.

जॉबकार्ड
काउंटरच्या या बाजूने लिहितोय. बदल दिसला म्हणून अख्खी वॉरंटी जात नाही. बिघडलेला भाग आणि बदल यांचा संबंध लागतो का ते बघतात. बल्ब बदलला म्हणून टर्बो नाकारणं टिकत नाही. रीमॅप असेल तर टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन सगळेच संशयित. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आमचाच पार्ट वापरा अशी अट वॉरंटीला लावता येत नाही. इतरत्र आपापली पुस्तिका आणि कायदा वाचा. क्लेम फेटाळला तर लेखी मागा: कोणता भाग, कोणता बदल, संबंध कसा. तोंडी ‘नाही’ घेऊन घरी जाऊ नका. मूळ पार्ट आणि तेलाची बिलं जपून ठेवा, बिलांअभावीच जास्त क्लेम अडकतात.

फ्यूजउडाला
बल्ब म्हणालात म्हणून. ६०/५५ च्या जागी १००/९० वॅट घालणाऱ्यांनो, भागाकार करा: १२ व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे ८.३. तीच बारीक वायर, तोच स्विच. आधी कपलर तपकिरी होतो, मग वितळतो. रिले, बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर. मूळ हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापू नका, कपलरला कपलर जोडा. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम जवळजवळ संपलाच.

तिसरागिअर
सायलेन्सरवाल्यांसाठी: ओटू सेन्सरच्या आधी जोड गळका राहिला तर बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सर ‘लीन’ सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं. लोक मात्र ट्यूनरला शिव्या देतात. गॅस्केट नवीन घाला. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलात तर पी०४२० हा फॉल्ट कोड येणारच, आणि पुष्कळ ठिकाणी ते बेकायदाही आहे.

सहजच
अवांतर, १९५/६५ आर१५ वर २०५/५५ आर१६ बसेल का?

फ्यूजउडाला
व्यास ६३४.५ आणि ६३१.९ मिमी, फरक अर्धा टक्कासुद्धा नाही. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) मात्र जुळवा, नाहीतर बेअरिंग कुरकुरेल.

चकलीफॅन
आणि आवाज?

ओलेकपडे
बेअरिंगचा येईल की :))