प्रतिसाद : शेवटाची वाट कशाला बघायची?

'मालिका पुरी झाल्याशिवाय हात लावणार नाही' हे वरचं मत काही पटलं नाही. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालिकेचं पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं, सहावं अजून येतंयच. थांबायचं तरी किती ओ? (आम्हा बेळगावकरांना सवय आहे म्हणा, सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे.)

माझ्या मते खरा ऐवज पहिल्या तीन भागांत आहे. प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून, त्यामुळे काल ज्याचा राग आला त्याचीच बाजू आज पटायला लागते. ज्याला नायक समजून चालावं तो पहिल्याच भागात जातो. हा धक्का बसायला शेवट माहीत असायची काय गरज? पुढे मात्र पसारा लेखकाला आवरेना. पात्रं वाटून दोन पुस्तकं केली, त्यात टिरियन आणि डॅनेरिस या मुख्य पात्रांची प्रकरणं चौथ्यातून गायबच. तिथं मी चिडलो होतो.

यावरच्या टीव्ही मालिकेचा, 'गेम ऑफ थ्रोन्स'चा, २०१९ चा शेवट धरू नका, फार घाईत उरकलाय. टिळकवाडीच्या बाजूला कुणी असेल तर सांगा, तिन्ही भाग माझ्याकडे आहेत. फक्त पानं दुमडू नका.