अनुभव धागा: मंडळातलं माणूस गेलं, तेव्हा तुम्ही नाटक कसं सांभाळलंत?

सुरुवात मी करते. परळच्या आमच्या हौशी मंडळात बहुतेक गिरणी कामगारांची मुलं-नातवंडं. 1982 च्या संपानंतर घरं बसली, पण नाटकाचं वेड सुटलं नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आमचे दिग्दर्शक गेले. अंत्यदर्शनही मिळालं नाही. 22 ऑक्टोबरला नाट्यगृहं उघडली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. सरांच्या संहितेच्या समासात प्रत्येक हालचाल पेन्सिलीने लिहिलेली. ती तशीच्या तशी बसवायची, असा अर्ध्यांचा हट्ट. मी नाही म्हटलं. आधी नुसतंच भेटत राहिलो. कुणी रडलं, कुणी भांडलं, मग वाचन सुरू केलं. दुःखातल्या माणसांना लगेच तालमीला जुंपू नये, तसं वाऱ्यावरही सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. मंडळ चालवणाऱ्यांनो, सविस्तर लिहा.

भांडुपहून

आमचं नमन मंडळ, म्हणजे कोकणातलं नमन हे लोकनाट्य करणारं. सगळे एकाच वाडीतले, त्यामुळे माणूस गेलं की निम्मं मंडळ सुतकात. मृदंग वाजवणारे काका वारले तेव्हा दामोदर नाट्यगृहाची तारीख घेतलेली, तिकिटं खपलेली. सुतकात गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, कसा म्हणायचा? आणि गणाशिवाय नमन कसलं? पोरं म्हणत होती, "दादा, काका असते तर म्हणाले असते, वाजवा." म्हातारे ऐकेनात. मी म्हाताऱ्यांच्या बाजूने गेलो. पोरांचं चूक नव्हतं, पण गावकी-भावकीत त्यांच्याच घरच्यांना बोल लागला असता. शेजारच्या वाडीच्या मंडळाने आमच्या तारखेला आपलं नमन केलं आणि जमलेले पैसे काकींच्या हातात नेऊन दिले. बारावं झाल्यावर मृदंग पुतण्याच्या गळ्यात घातला.

विक्रोळीहून

आमच्या महिला मंडळातल्या एका ताईचे यजमान हार्ट अटॅकने गेले. नाटकात तिची सासूची भूमिका: हिरवा चुडा, ठसठशीत कुंकू. घरचे म्हणाले, वर्षभर स्टेज नको. मंडळातल्या काहीजणी म्हणाल्या, दुसरी घेऊया, तिलाच त्रास होईल. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी घरी गेले. ती म्हणाली, "संध्याकाळी घरात बसवत नाही हो, तालमीला येऊ दे." तिला प्रॉम्प्टिंगला बसवलं आणि भूमिका कुणालाच दिली नाही; तालमीत तिचे संवाद मी वाचायचे. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. ती बातमी घेऊन मी तिच्या सासूबाईंकडे गेले. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. नात मात्र आजीशी रोज बोलत राहिली. शेवटी आजी प्रयोगाला आल्या नाहीत, पण आडकाठीही केली नाही. रंगभूषा करणारे दादा कुंकू लावायला पुढे झाले, तर हिने स्वतःच लावून घेतलं. पहिल्या प्रवेशातच काही बायका उठून गेल्या. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला मी अजून जाते. वस्तीत मंडळ चालवायचं तर कुणाला तोडून चालत नाही. आणि हो, आता आमच्या हळदीकुंकवाला ताईलाही बोलावतो.

माटुंग्याहून, कॉलेजचा ग्रुप

आमच्यातल्या एका मुलाने आत्महत्या केली. एकांकिकेचा शेवट नेमका तोच होता. स्पर्धा तोंडावर, लेखक म्हणाला, शेवट काढला तर एकांकिका पडेल. आम्ही काढला. तालमीच्या खोलीच्या दारावर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिकटवलाय. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गोरेगावहून

विक्रोळीच्या ताई, आमच्याकडे मुख्य भूमिका करणाऱ्या मुलाची आई परवा गेली. प्रयोग महिन्यावर आलाय. तुम्ही सुरुवात कशी केलीत? पहिलं काय बोललात?

विक्रोळीहून

फोनवर विचारू नका. घरी जा, जेवणाचा डबा घेऊन जा. त्याने स्वतः विषय काढेपर्यंत नाटकाचं नाव घेऊ नका. तोवर त्याचे संवाद तुम्ही पाठ करून ठेवा.