बाबांची शुगरची गोळी अर्धी तोडून दिली तर चालेल का? अर्जंट

सिडकोवाला
बाबांना शुगर आहे, नऊ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळी बदलली, आता कॉम्बिनेशनवाली आहे. तेव्हापासून दोनदा सकाळी दहा-साडेदहाला घाम आणि हात थरथर, आज तर शर्टाची बटणं लावता येईनात. साखरपाणी दिलं तरी बराच वेळ तसेच बसून होते. गोळी मोठी आहे, मधोमध तोडून अर्धी दिली तर चालेल का? आज रविवार, दवाखाना बंद. "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नका लिहू, ते मलाही कळतं.

पंचवटीकर
गोळीचं नाव काय?

गोदाकाठ
वय? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी केलं होतं? आणि घाम आला तेव्हा मशीनवर शुगर बघितली का?

मेथीदाणा
रात्री चमचाभर मेथी भिजत घालून सकाळी अनशापोटी चावून खायला द्या. सोबत जांभळाच्या बियांची पावडर. माझ्या सासऱ्यांच्या गोळ्या निम्म्या झाल्या. ही केमिकलं हवीत कशाला?

पंचवटीकर
अहो ताई, त्यांची शुगर खाली चाललीय आणि तुम्ही अजून खाली न्यायचा उपाय सांगताय.

सिडकोवाला
मेथी राहू द्या. वय ६८. शुगर ५८ आली होती, लिहायचं राहिलं. पाकिटावर फार बारीक अक्षर आहे... ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५०० एसआर, व्होग्लिबोज ०.२. क्रिएटिनिन मागच्या वर्षी केलं असेल, फाईल ताईकडे आहे.

फार्माकाका
५८ ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि तीच लिहायची राहिली होय? ७० च्या खाली म्हणजे हायपो, शुगर गरजेपेक्षा खाली गेली. गोळी तोडू नका. त्यात मेटफॉर्मिन एसआर आहे, म्हणजे हळूहळू सुटणारं, तोडलं तर ते एकदम सुटू शकतं.

आता साखरपाण्याचं ऐका. व्होग्लिबोजचं कामच हे की आतड्यात साखर फुटायची क्रिया मंद करायची. आपली घरची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी, ती फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. म्हणून तुम्ही दोन चमचे दिले तरी बाबा तसेच बसून राहिले. घरात साधी ग्लुकोज पावडर आणून ठेवा. असं झालं की तीन छोटे चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मशीन लावा, नाही चढली तर पुन्हा द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. काउंटरवर तीस वर्षं काढली मी, ही गोष्ट पेशंटला कोणी सांगत नाही.

डापावाला
मुळात ग्लिमेपिराइड देतं कोण आता? मी डापाग्लिफ्लोझिन-सिटाग्लिप्टिन घेतो, शुगर कधी ८० खाली गेली नाही. २०२० ला पेटंट संपल्यावर डापा स्वस्तही झालं. डॉक्टर बदला.

गोदाकाठ
तुम्हाला सूट झालं म्हणून सगळ्यांना होईल का? माझ्या आईला डापाने लघवीच्या जागी सारखं इन्फेक्शन व्हायचं, बंद करावं लागलं. आणि किडनीचा रिपोर्ट न बघता औषध कशाला सुचवताय.

डापावाला
सुचवत नाहीये, अनुभव सांगतोय.

पंचवटीकर
तीन-तीन औषधं एकाच गोळीत, हा धंदाच आहे. एकत्र सातबाऱ्यासारखं, एकाचा हिस्सा कमी करायचा तरी सगळा कागद नवा.

फार्माकाका
धंदा नाही हो, म्हाताऱ्या माणसाला चार गोळ्यांऐवजी एक लक्षात राहते. पण सातबाऱ्याचं बोललात ते बरोबर, शुगर खाली पाडतं ते ग्लिमेपिराइड, आणि एकट्या त्याचा डोस हलवता येत नाही. सिडकोवाले, दोन गोष्टी सांगा. गोळी किती वाजता आणि नाश्ता किती वाजता? आणि जुन्या गोळ्यांचं काय केलं?

सिडकोवाला
गोळी आठला चहासोबत. नाश्ता एरवी नऊला, आज मी मिसळ आणायला गेलो आणि लाइन एवढी होती की साडेदहा झाले. जुन्या गोळ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

फार्माकाका
ड्रॉवरमध्ये आहेत की पोटात, ते बाबांनाच विचारा.

मिसळवेडा
कुठली मिसळ? रविवारी सात वाजता गेलात तरच बसायला जागा.

पंचवटीकर
शुगरवाल्याला मिसळ??

मिसळवेडा
मटकीचीच असते की. पाव आणि तर्री सोडायची.

सिडकोवाला
विचारलं. जुनी गोळी चालूच होती!! त्यात पण ग्लिमेपिराइड आहे, १ ची. म्हणे "पंधरा दिवसांचं पाकीट होतं, पैसे काय फुकट आलेत?" काय बोलावं.

फार्माकाका
हेच वाटलं होतं. जुनं पाकीट आत्ताच तुमच्याकडे घ्या. आणि डॉक्टरांचा मोबाइल चिठ्ठीवर छापलेला असेल, रविवार-बिविवार न बघता लावा. ५८ चा आकडा आणि दोन्ही पाकिटांची नावं सांगा, पुढची गोळी द्यायची की नाही हे त्यांनाच ठरवू दे. ग्लिमेपिराइड लवकर उतरत नाही, तेव्हा रात्री दोन-तीनला उठून एकदा मशीन लावा, एकटं झोपू देऊ नका.

सिडकोवाला
लागला फोन. जुनी बंद, नवीन उद्या देऊ नका, सकाळी उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतरची शुगर घेऊन दहाला या म्हणाले, क्रिएटिनिन पण करायला सांगितलंय. ग्लुकोजचा डबा आणला. रात्री अडीचचा अलार्म लावलाय. बाबा रुसलेत, पाकीट हिसकावलं म्हणून.

मिसळवेडा
ठिकाणाचं नाव राहिलं सांगायचं.