मदत हवी आहे: थॅडियस स्टीव्हन्सबद्दल बोलताना सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर थॅडियस स्टीव्हन्सवर दहा मिनिटं बोलायचंय. जन्म १७९२, व्हर्माँट. एक पाय जन्मापासून अधू. वकिली पेनसिल्व्हेनियात, आधी गेटिसबर्गला, मग लँकेस्टरला. पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये गुलामगिरीविरुद्धचा सगळ्यात तिखट आवाज. गुलामीतून सुटलेल्यांना नागरिकत्व देणाऱ्या १४व्या घटनादुरुस्तीतही मोठा वाटा.

माझी गाडी अडलीय १८२१वर. चॅरिटी बटलर या बाईनं स्वतःच्या आणि मुलांच्या गुलामीतून सुटकेसाठी दावा लावला, आणि स्टीव्हन्स उभा राहिला मालकाच्या बाजूनं! जिंकलाही. ती माणसं परत गुलामीत. उलट १८६८ मध्ये गेला तेव्हा पुरला गेला मुद्दाम निवडलेल्या साध्याशा दफनभूमीत. कारण बाकीच्या ठिकाणी काळ्या लोकांना मज्जाव होता. थडग्यावर तसं कोरूनही ठेवलंय.

तर बटलर खटल्यापासून सुरू करू, की थडग्यापासून? मला खटला आधी हवा, पण घरचे म्हणतात, ऐकणारे तिथेच त्याच्यावर फुली मारतील.

दुसरं, अमेरिकेतल्या यादवीनंतरच्या ‘रिकन्स्ट्रक्शन’ला, म्हणजे हरलेली दक्षिणेची राज्यं पुन्हा देशात सामावून घेण्याच्या काळाला, काय म्हणू? ‘पुनर्रचना’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना मतदारसंघच आठवतात. ‘पुनर्बांधणी’ चालेल का? की मूळ शब्दच ठेवू? रविवारच्या आत सांगा, प्लीज.