माडीच्या सागवानी फळ्यांवर टाइल्स बसवता येतील का?

माडीवाले_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी आजोबांनी बांधलेले मातीच्या भिंतींचे दुमजली घर आहे. माडीवर दोन खोल्या असून दोन्हींची जमीन सागवानी फळ्यांची आहे. मोठी खोली १२ बाय १४ फुटांची आहे. तिच्या कड्या (फळ्यांखालची आडवी लाकडे) १२ फुटांच्या गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधील अंतरावर, टाकलेल्या असून त्यांच्यात साधारण २ फुटांचे अंतर आहे. फळ्यांमधील फटी इतक्या रुंदावल्या आहेत की वर झाडले की केर खाली थेट चुलीजवळ पडतो, आणि गेल्या पावसाळ्यात फटीतून दोनदा विंचू निघाल्यापासून आई त्या खोलीत झोपायला तयार नाही. लहान खोलीत फळ्यांवर मातीचा जाड थर असून तो अजूनही शेणाने सारवला जातो.

गावातील मिस्त्रींचे म्हणणे असे की फळ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरावा, त्यावर दीड इंच रेती-सिमेंटचा माल टाकावा आणि २ बाय २ फुटांच्या टाइल्स बसवाव्यात. वडिलांना हे पटत नाही, पण नेमके काय चुकते हे आम्हांला सांगता येत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा

भाऊ, तुमच्या वडिलांची शंका रास्त आहे. आधी वजनाचा हिशेब करू. १२ बाय १४ ची खोली म्हणजे १६८ चौरस फूट. त्यावर दीड इंच माल टाकला तर एकट्या मालाचेच वजन सुमारे १२ क्विंटल भरते आणि टाइल्सचे आणखी ३ क्विंटल. आपल्याकडे माडीवर तुरीची पोती ठेवतात, तेव्हा एवढे वजन ती पेलेलच, असे कोणी म्हणेल. परंतु पोती चार महिन्यांनी खाली उतरतात आणि कड्यांना विसावा मिळतो. टाइल्सचे ओझे कायमचे असते, आणि कायमच्या ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू झोक खात, म्हणजे मध्यावर खाली वाकत राहते.

दुसरे असे की टाइल वाकत नाही, लाकूड मात्र वाकते. सिरॅमिक टाइल्ससाठी सर्वसाधारण दंडक असा आहे की पूर्ण भाराखाली कडीचा झोक तिच्या गाळ्याच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नसावा. तुमच्या १२ फुटांना ही मर्यादा १० मिलिमीटर येते. नैसर्गिक दगडी फरशीसाठी ती याच्या निम्मी, म्हणून कडप्पा किंवा शहाबादीचा विचारही करू नये. तपासणी घरीच करता येईल: खालच्या खोलीत कडीच्या दोन टोकांना सुतळी ताणून बांधा, वर त्याच कडीच्या मध्यावर चार माणसे उभी करा आणि कडी सुतळीच्या किती खाली उतरते ते पट्टीने मोजा. चार-पाच मिलिमीटर भरले तर आधी कड्या मजबूत कराव्या लागतील.

त्याच वेळी कडीची भिंतीत रुतलेली टोके पेचकसाने टोचून पाहा. मातीच्या भिंतीत ओल धरते ती तिथेच, आणि वाळवीही तिथूनच शिरते. कडी मध्यावर ठणठणीत वाजते आणि टोक मात्र आतून पोकळ निघते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आर्वीकर

तुम्हांला सुचवलेली पद्धत आमच्या घरी नऊ वर्षांपूर्वी वापरली होती, म्हणून कळकळीने लिहितो आहे. काम दिवाळीत झाले. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला, फळ्या आकसल्या. पावसाळ्यात त्याच फुगल्या. लाकडाची लांबी फारशी बदलत नाही, पण रुंदी बदलते, आणि प्रत्येक फळी आपापली हलते. दुसऱ्या पावसाळ्यात टाइल्सच्या सांध्यांतून भेगा गेल्या, त्यांतून पुसण्याचे पाणी आत मुरत राहिले आणि प्लास्टिकवर साचले. सगळे काढले तेव्हा प्लास्टिकच्या फाटलेल्या जागी फळ्या काळ्या पडून मऊ झाल्या होत्या. माझ्या आजोबांनी निवडून आणलेले ते सागवान होते. टाइल्सचे पैसे गेल्यापेक्षा त्या फळ्या गेल्याचे दुःख मला आजही आहे.

घर काळ्या मातीवर असेल तर तेही लक्षात घ्यावे. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि भिंतींसकट माडीही थोडी हलते.

माडीवाले_दारव्हा

दोघांचेही आभार. आज सुतळी लावून मोजले. मधल्या तीन कड्यांचा झोक ८ मिलिमीटर आला. एका कडीचे पूर्वेकडील टोक पेचकस अर्धा इंच आत जाईल इतके मऊ लागले. घर काळ्या मातीवरच आहे. आता टाइल्सचा विचार सोडून द्यावा का?

ओळंबा

सोडायलाच हवा असे नाही, पण क्रम बदलावा लागेल. ते टोक आधी वाढईला (सुताराला) दाखवा. कुजलेला भाग कापून दोन्ही बाजूंनी नवे सागवान बोल्टने जोडता येते. त्यानंतर सर्व कड्यांखाली मध्यभागी आडवा लोखंडी गर्डर द्या. गाळा निम्मा झाला की समान पसरलेल्या भाराखालचा झोक हिशेबाने सोळाव्या हिश्श्यावर येतो, इतका फरक पडतो. गर्डर मात्र मातीच्या भिंतीवर टेकवू नका. त्याला स्वतंत्र पाया असलेले दोन खांब द्या.

त्यानंतर सैल फळ्या कड्यांना स्क्रूने आवळून घ्या. त्यांवर १२ मिलिमीटरचे बी.डब्ल्यू.पी., म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारे प्लायवूड (भारतीय मानक आय.एस. ७१०) बसवा. दोन तुकड्यांत ३ मिलिमीटरची आणि भिंतीकडेने ८ मिलिमीटरची फट ठेवा, आणि सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. त्यावर ८ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड चिकट्याच्या (टाइल्स चिकटवण्याच्या तयार मसाल्याच्या) थरावर बसवून दर सहा-आठ इंचांवर स्क्रूने आवळा आणि त्याच्या सांध्यांवर जाळीची पट्टी ओढा. मग टाइल्स. चिकटा पॉलिमरयुक्त आणि लवचिक, म्हणजे आय.एस. १५४७७ मधील एस-१ वर्गाचा घ्या. हा सगळा थर टाइल्ससह साडेसहा क्विंटलच्या आसपास भरतो, मिस्त्रींच्या पद्धतीच्या निम्म्याहून कमी.

मिस्त्रींना एक गोष्ट आवर्जून सांगा: चिकट्यावर बसवायच्या टाइल्स पाण्यात भिजवायच्या नसतात. मालावर सिरॅमिक टाइल्स बसवताना त्या भिजवण्याची सवय हाताला असते, म्हणून हे विसरले जाते. तसेच भिंतीकडेची फट सिमेंटने भरू देऊ नका. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते आणि फळ्यांच्या फुगण्याला तेवढीच जागा असते.

कडीपाट

लहान खोलीबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. तो मातीचा थर तीन इंच असेल तर त्याचे वजन चौरस मीटरला १२० किलोच्या पुढे जाते. वर सांगितलेला टाइल्सचा थर चाळीसेक किलोचा आहे. म्हणजे त्या खोलीत माती काढल्यावर कड्यांवरचे ओझे उलट हलकेच होईल. मात्र माती काढल्यावर फळ्या महिनाभर उघड्या ठेवून नीट वाळू द्याव्यात आणि वाळवीचे औषध मारूनच पुढे जावे.

मोठ्या खोलीत माझे मत वेगळे आहे. तुमची अडचण फटींची आहे, फळ्यांची नाही. जुने सागवान आज त्या जाडीत मिळणे कठीण आहे. भर उन्हाळ्यात फटी रुंदावलेल्या असताना सागवानाच्याच पातळ पट्ट्या एका बाजूने चिकटवून बसवल्या, वरून जवसाचे तेल दिले, तर केर थांबेल आणि विंचूही निघणार नाहीत. टोकाची दुरुस्ती मात्र दोन्ही मार्गांत करावीच लागेल.

माडीवाले_दारव्हा

वडिलांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. मोठ्या खोलीत पट्ट्या आणि लहान खोलीत माती काढून टाइल्स, असे ठरले आहे. लहान खोलीच्या कड्या ९ फुटांच्याच आहेत, माती निघाल्यावर त्याही सुतळीने मोजू. वाढई सोमवारी ते टोक पाहायला येत आहेत. तोवर त्या कडीखाली बल्लीचा टेकू देऊन ठेवला आहे.