मदत हवी आहे : त्सो मोरिरीला जाऊन आलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर पट्टकदंब हंस उतरतात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले. दरवर्षी पहाटे ते बघायला जातो. यंदा जूनमध्ये त्यांच्या माहेरी, लडाखला निघालोय.

त्सो मोरिरी हे तिथलं सरोवर साधारण ४,५०० मीटर उंचीवर आहे. २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. काठावरच्या ओलसर गवताळ पट्ट्यात हंसांची वीण होते, काळ्या मानेचे क्रौंचही तिथे घरटी करतात. त्या थंडीत आपण पर्यटकांनी केलेली घाण कुजायला फार वेळ लागतो. आपल्या सोलापूरच्या कंबर तलावात सांडपाण्यावर जलपर्णी कशी माजते ते आपण पाहिलंय, म्हणून जास्त धास्ती वाटते. शिवाय काठावर फिरणाऱ्या गाड्या, आणि उरलेल्या अन्नावर वाढलेली कुत्री. ती अंडी-पिल्लं खातात.

सरोवराकाठच्या कोरझोक गावात तंबूऐवजी गावकऱ्यांच्या घरी, कोरडा (बिनपाण्याचा) संडास असलेल्या ठिकाणी राहायचं आहे. सोय कशी होते? घरट्यांपासून किती लांब थांबावं? आमचा कचरा लेहपर्यंत परत आणायचाच आहे, पण तिथे तो द्यायचा कुठे? आम्ही सहाजण आहोत, दोन शाळकरी मुलं. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.