मॅनेजमेंट पोर्ट शेजारून पिंग होतो, ऑफिसातून होईना

काटाकेबिन, लातूर जिल्हा
नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात आयटी बघतो. आयटी म्हणजे प्रिंटरपासून वजनकाट्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. गेल्या हंगामात काट्यावर कुणाला तरी एक वायर लोंबकळताना दिसली, त्यानं तिचं मोकळं टोकही त्याच छोट्या स्विचमध्ये खोचलं. झाला लूप, तोच डेटा गोल गोल फिरून नेटवर्क ठप्प! मुख्य स्विचचा आयपी डेटाच्याच व्हीलॅनमध्ये (स्विचमधल्या वेगळ्या आभासी नेटवर्कात), त्यामुळं लॉगिन होईना. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत, अन् मी कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची वायर) घेऊन गव्हाणीमागच्या खोलीकडं पळायलोय. त्या दिवशी काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हणून औंदा मोळी टाकायच्या आधी मॅनेजमेंट, म्हणजे स्विचमध्ये शिरायची वाट, डेटापासून वेगळं काढायलोय. स्विच सिस्को कॅटॅलिस्ट ९३००. मागच्या गिगाबिट ०/० पोर्टला १९२.१६८.५०.२ दिला, गेटवे फायरवॉलवर १९२.१६८.५०.१. हा पोर्ट ज्या आठ पोर्टच्या वेगळ्या डबीला (छोट्या स्विचला) जोडलाय, तिलाच लॅपटॉप लावला की पिंग झकास, म्हणजे स्विच उत्तर देतो. ऑफिसच्या १०.१०.२० नेटवर्कमधून मात्र काहीच येईना. 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' देऊन झालं, फायरवॉलवर परवानगी आहे. अडलंय कुठं?

नांदेडकर
दादा, तुमचं पिंग स्विचपर्यंत पोचतंय, उत्तराला परतीची वाट नाही. तो पोर्ट सिस्कोकडूनच 'एमजीएमटी-व्हीआरएफ' मध्ये घालून आलेला असतो, तिथून बाहेर काढता येत नाही. व्हीआरएफ म्हणजे त्याच डब्यात दुसरं रूटिंग टेबल, कुठं जायला कुठली वाट त्याची वेगळी यादी. अन् 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' रूटिंग बंद असलेल्या स्विचसाठी. तुमच्याकडं 'आयपी रूटिंग' चालू असणार, म्हणजे ती ओळ नुसती शोभेची. हे टाका:

आयपी रूट व्हीआरएफ एमजीएमटी-व्हीआरएफ ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.५०.१

स्विचवरून तपासतानाही 'पिंग व्हीआरएफ एमजीएमटी-व्हीआरएफ' असं लिहा, नाहीतर तो डेटाच्याच टेबलात शोधत बसतो. एनटीपी (घड्याळ जुळवणं) अन् सिसलॉग (नोंदी सर्व्हरला पाठवणं) यांच्या ओळींतही व्हीआरएफचं नाव घाला. ते राहिलं की पिंग चालतं, पण लॉग सर्व्हरवर पोचतच नाहीत, अन् हे कळतं नेमकं लॉग लागतात तेव्हा.

काटाकेबिन
पिंग आलं! पण एसएसएच (दुरून लॉगिन) करायला गेलो की 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. आता काय राहिलं?

नांदेडकर
व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिनच्या दारावर) अ‍ॅक्सेस-क्लास, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ती यादी, लावलाय ना? त्याच्या शेवटी 'व्हीआरएफ-ऑल्सो' जोडा. ते नसलं तर व्हीआरएफमधून येणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो, यादीत त्याचा आयपी असला तरी.

जालना_रोलिंग
मधेच बोलतो. ऑफिसातून लॉगिन झालं म्हणून निवांत होऊ नका. तुमचा लॅपटॉप फायरवॉलपर्यंत जातो तो डेटाच्याच स्विचमधून. परत लूप झाला तर स्विचचा मॅनेजमेंट पोर्ट ठणठणीत असेल, तुम्ही बुडालेले असाल. त्या आठ पोर्टच्या डबीला एक जुना लॅपटॉप कायमचा लावून ठेवा, दोन्हीला वेगळा यूपीएस. आमच्या मिलमध्ये डबी कॅमेऱ्यांच्या यूपीएसवर होती. लाइट गेली, यूपीएस बसला, अन् वेगळं मॅनेजमेंट कागदावरच राहिलं.

काट्याकडच्या पोर्टवर बीपीडीयू गार्डही लावा, लूप झाला की तो पोर्टच बंद करतो. वायर खोचणारा औंदाही येणारच आहे. तिकडच्या लहान स्विचला व्हीआरएफ नसेल तर मॅनेजमेंटचा वेगळा व्हीलॅन करा, तिथं तुमचं 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' बरोबर चालतं.

काटाकेबिन
'व्हीआरएफ-ऑल्सो' टाकल्याबरोबर आत गेलो. लई आभार. लॅपटॉप लेखा विभागात एक धूळ खात पडलाय, फक्त त्याचं इंग्रजी 'ए' चं बटन गेलंय.

जालना_रोलिंग
मग 'एनेबल' (स्विचचे पूर्ण अधिकार घ्यायची कमांड) कसं टाइप करणार?

नांदेडकर
'ई' अन् 'एन' दाबलं तरी पुरतं की हो.